ब्रसेल्सचे जुने बार आणि बेल्जियन बिअर, सुरुवात कुठून करावी?

वाळूजकर
नमस्कार मंडळी. कंपनीच्या कामानं पुढच्या महिन्यात जर्मनीला आखेनला जायलोय. शनिवार-रविवार मोकळा आहे आणि तिथून ब्रसेल्स रेल्वेनं जवळच पडतं, म्हणून जाऊन यावं म्हणतोय. सोबत जालन्याचे एक सहकारी आहेत, पक्के शाकाहारी, पण बिअर घेतात. मला जुने बार बघायचेत, लाकूडकाम, आरसे शंभर वर्षांपासून तसेच आहेत म्हणतात, तिथं निवांत बसून दोन-चार बिअर नीट समजून चाखायच्यात. आजवर आपल्या वाळूजच्या कारखान्यातली साधी लागर बिअरच पिलीय, ती पण एकदम चिल्ड. तिकडची लै चढते म्हणतात, ते किती खरंय?

लातूरचा_लूव्हेनात
भाऊ, मी लातूरचा, इकडं बेल्जियममध्ये लूव्हेनला राहतो, गावाकडून पाव्हणे आले की माझा रस्ता ठरलेला असतो. शनिवारी आधी कांतियों गाठा, ब्रसेल्सच्या मिडी स्टेशनवरून चालत जाता येतं. 1900 ची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना आहे, 1978 पासून तिथंच म्युझियम पण आहे आणि काम आजही चालूच. तिथं बिअरमध्ये कुणी यीस्ट टाकतच नाही. थंडीच्या दिवसांत उकळलेला रस माळ्यावरच्या उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात, हवेतलं यीस्ट आपोआप पडतं, मंग ते लाकडी पिंपात महिनोन् महिने, कधी तीन वर्षं आंबत राहतं. ही लॅम्बिक. देगलूर-बिलोलीकडच्या लोकांना शिंदी माहीत असेल, झाडावरून उतरवली की आपोआप आंबते, मूळ गोष्ट तीच, फक्त शिंदी एका दिवसात आंबट होऊन जाते अन् हिला वर्षं लागतात. यात मोड न आणलेला गहू पण असतो, आणि हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, मुद्दाम जुने वापरतात, म्हणजे कडवटपणा जातो पण बिअर टिकते. एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक मिसळून बाटलीत भरली की आत पुन्हा आंबून फेस धरते, ती ग्यूझ. चेरी घातली की क्रीक. पिंपांच्या खोलीत कोळ्याची जाळी दिसतील, ती झाडत नाहीत, कारण कोळी चिलटं खातात. पहिला घोट इतका आंबट लागेल की डोळे मिटतील, तरी ग्लास बाजूला सारू नका, हळूहळू प्या, लिंबू, सफरचंद, ओलं लाकूड असं एकेक उलगडत जातं.

दुपारी गावात या. बोर्स म्हणजे जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीजवळ ताबोरा रस्त्यावर बेकास हा बार आहे, 1877 चा. एका अरुंद बोळातून आत जावं लागतं, तोंडाशी जमिनीत पक्ष्याची खूण बसवलीय ती शोधा. तिथं गोडसर लॅम्बिक चिनीमातीच्या जगमधून (सुरईतून) वाढतात. मंग संध्याकाळी मोर स्युबित हा बार, 1928 पासून त्याच जागी आहे, उंच छत, मोठाले आरसे, लांबच लांब बाकं, घासून गुळगुळीत झालेली लाकडी टेबलं. खिडकीकडं बसा अन् एका ग्लासावर तासभर काढा, कुणी उठवत नाही. माझ्या मते ब्रसेल्स बघायचं ते इथं बसून.

गोदाकाठ
लातूरच्या दादांचं सगळं बरोबर, पण नुसत्या आंबट बिअरवर कामून थांबायचं? ट्रॅपिस्ट चाखल्याशिवाय येऊ नका. ही बिअर ख्रिस्ती मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली बनते, आणि पैसा मठाच्या खर्चाला अन् दानधर्माला जातो. वेस्टमाल मठाच्या ट्रिपलमध्ये अल्कोहोल 9.5 टक्के, ‘रोशफोर 10’ नावाच्या बिअरमध्ये तर 11.3, म्हणजे आपल्याकडची स्ट्राँग पण मागं पडते. चढण्याचं म्हणाल तर खरंय, लागरसारखी गटागट पिऊ नका. सुरुवात ओर्वाल या ट्रॅपिस्टनं करा, 6.2 टक्केच आहे. बाटलीत भरताना जंगली यीस्ट घालतात त्यामुळं ताजी वेगळी लागते आणि वर्षभर ठेवलेली पार वेगळी, दोन्ही मिळाल्या तर शेजारी शेजारी ठेवून चाखा. आणि ब्रसेल्सचा डेलिरियम कॅफे पण बघा की, 2004 साली 2004 प्रकारच्या बिअर ठेवून गिनेस रेकॉर्ड केलेला.

लातूरचा_लूव्हेनात
ओर्वालला माझं पण मत. डेलिरियम मात्र शनिवारी संध्याकाळी नको, गर्दीत काउंटरपर्यंत पोचायलाच वेळ जातो, आणि एवढी मोठी यादी समोर आली की माणूस चवीपेक्षा नावंच गोळा करायला लागतो. त्यांना निवांत बसायचंय ना. त्यापेक्षा बॉन व्ह्यू तां या बारमध्ये जा, 1695 चा आहे म्हणतात, लहानसा, रंगीत काचा, आत शिरलं की बाहेरचा गोंगाट ऐकूच येत नाही.

परभणीची_ताई
जालन्याच्या दादांसाठी लिहितेय, कारण हे कुणी सांगत नाही. बेल्जियममध्ये फ्राईज परंपरेनं गाईच्या चरबीत तळतात, सगळीकडं नाही पण लै ठिकाणी. बटाटाच आहे म्हणून आधी घेऊ नका, विचारा. जुन्या बारमध्ये पावावर पांढरं मऊ चीज, मुळा आणि कांद्याची पात घालून देतात, ते बिअरसोबत फार छान लागतं, आंबट लॅम्बिकसोबत तर जास्तच. चीजचे तुकडे मोहरीसोबत पण मिळतात, पण चीजमध्ये प्राण्याचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ, असू शकतं, ज्यांना चालत नसेल त्यांनी ते पण विचारावं. आणि बिअर बर्फासारखी गार मागू नका. गडद, तगड्या बिअर थोड्या कोमट झाल्या की मगच वास अन् चव कळते. प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा असतो, सहसा 25 किंवा 33 सेंटीलिटरचा येतो, मध्ये पाणी पीत राहा.

वाळूजकर
लै आभार सगळ्यांचे, फ्राईजचं तर आम्हाला माहीतच नव्हतं, सहकाऱ्यांना लगेच फॉरवर्ड केलं. शनिवारी कांतियों, बेकास, मोर स्युबित असं ठरवतो, ट्रॅपिस्ट रात्री एकच, वाटून. रविवारी ब्रुज शहर करावं का गेंट? परतीची गाडी ब्रसेल्सहून संध्याकाळी आहे.

लातूरचा_लूव्हेनात
गेंट करा, अर्धा-पाऊण तासात पोचता. ब्रुजला फ्लिसिंगे म्हणून 1515 चा कॅफे आहे, मला तो फार आवडतो, पण जायला-यायला दोन तास जातात आणि संध्याकाळची गाडी असली की तिथं पण घड्याळाकडंच बघत बसाल. कांतियोंची वेळ मात्र त्यांच्या साइटवर आधी बघून घ्या.