पुण्यातलं तीन वर्षांचं शिंगरू, डर्बीपर्यंत जाईल का?

पुणेकर: पुण्याच्या रेसेसमध्ये यंदा एक कोल्ट (तरुण नर घोडा) बघतोय, १२०० मीटरच्या दोन रेसमध्ये आधी चौथा आणि मग दुसरा आला, शेवटच्या दोनशे मीटरला कान पुढे करून नुसता लगाम ओढत होता, जॉकीने चाबूक उचललाच नाही. डिसेंबरच्या मुंबईतल्या गिनीज रेसला चालेल का हो?

महालक्ष्मीवाला: दुसरा आला यापेक्षा कसा आला ते बघा. पावसाने ट्रॅक जड होता ना? तिथे पळालेला घोडा मुंबईच्या कोरड्या ट्रॅकवर तसाच पळेल याची खात्री नाही. १४००ची एक रेस होऊ द्या. गिनीज १६००ची आहे, डर्बी थेट २४००ची, तिथे आईबापाचं रक्त बोलतं, बाप स्प्रिंटर, म्हणजे कमी अंतराचा घोडा, असेल तर अवघडच.

सकाळचा_गॅलप: मी तर रेसनंतर पॅडॉकमध्ये (घोडे फिरवतात त्या कठड्याच्या आवारात) श्वास बघतो, लवकर शांत झाला तर पोरात दम आहे.. आणि पाय गरम नाहीत ना ते ट्रेनरला विचारा, या वयात हाडं अजून पुरती पक्की झालेली नसतात, उगाच घाई नको.

पुणेकर: धन्यवाद दादा, श्वासाकडे लक्षच दिलं नव्हतं. पुढच्या वेळी पॅडॉकच्या कठड्यालाच उभा राहतो.