भुताच्या सिनेमात तुम्ही डोळे कधी मिटता?

भूत दिसलं की डोळे मिटणारे वेगळे आणि रक्त दिसलं की मिटणारे वेगळे. मी दुसऱ्या गटातली. छतावरून उलटं चालत काहीही येऊ दे, मी खाता खाता बघते. पण कुणाचं नख उपटलं की संपलं. तुम्हाला कुठला प्रसंग झेपला नाही आणि का, ते जरा नीट लिहा. नुसतं 'जाम टरकलो' चालणार नाही.

रातपाळी
मी एक्स-रे विभागात काम करतो. 'द एक्झॉर्सिस्ट'मध्ये (१९७३) झपाटलेल्या मुलीची मान गर्रकन फिरते तेव्हा मला काहीच झालं नाही. हललो ते त्याआधी, हॉस्पिटलमधल्या तपासणीत. मुलीच्या मानेतल्या धमनीत सुई घालतात, रक्ताची चिळकांडी उडते, मग मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढणारं यंत्र खडखडायला लागतं. त्या काळी ही तपासणी अशी व्हायची. आता बहुतेकदा जांघेतून किंवा मनगटातून नळी सरकवतात. सगळे शांतपणे आपापलं काम करतायत आणि पोरगी कळवळतेय. अख्ख्या सिनेमातला सगळ्यात भयंकर प्रसंग, आणि त्यात भूताचा पत्ताच नाही.

अर्धवट_झोप
त्याच सिनेमात तोंडातून निघणारी वाफ खरी आहे. खोलीचा सेट यंत्रं लावून शून्याखाली गार केला होता. आईचं काम करणाऱ्या एलन बर्स्टिन मागे फेकल्या जातात तेव्हाची किंकाळीही खरी. दोरीने ओढताना त्यांच्या पाठीला दुखापत झाली होती. हे कळल्यापासून मला तो प्रसंग बघवत नाही. खोटं रक्त बादलीभर सांडा, माझी हरकत नाही.

चिंचेखालची
झपाटलेली बहुतेक वेळा मुलगीच का असते हो? तिला खाटेला बांधायचं, केस धरून ओढायचं, थोबाडायचं, आणि आपण निवांत बघायचं, कारण मार म्हणे तिला नाही, आतल्याला बसतोय. एका सिनेमात मारणाऱ्याचा हात अगदी जवळून दाखवला होता, बोटातल्या जाड अंगठीसकट. पुढच्याच शॉटमध्ये तिचा फाटलेला ओठ. शेजारच्या खुर्चीवरचे काका म्हणाले, "आणखी एक दे!" मी उठून बाहेर आले. घाबरून नाही, संतापून. आणि खरं सांगू, राग दिग्दर्शकापेक्षा काकांचा जास्त आला.

उगाच_एक
ताई, काकांबद्दल सहमत. पण मारहाणच नको म्हटलं तर कसं व्हायचं? भूत भिंतीतून आरपार जातं, त्याला ना वजन ना हाड. कुणाची तरी बरगडी मोडल्याशिवाय ते आहे हे पटणार कसं? फक्त पहिल्या अर्ध्या तासातच मुडद्यांची रांग लागली की मी घाबरायचं सोडून मोजायला लागतो.

कानोसा
साउंडचं काम करते, म्हणून धंद्यातली एक गोष्ट. दचकवायच्या आधी संगीत तर काढतोच, पण पंखा, वारा, रातकिडे हेही हळूहळू कमी करत नेतो. तुमचे कान आपोआप टवकारले जातात, मग दणका. दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया, ठरवून थांबत नाही, त्यामुळे लाजू नका. तोच प्रसंग आवाज बंद करून बघा, निम्मं भूत तिथेच गळतं. हाड मोडल्याचा आवाज? बऱ्याचदा सेलरी नावाच्या भाजीचे जाड, कुरकुरीत दांडे मोडतात.

मोती_फॅन
माझं एकच. भुताचा सुगावा कुत्र्याला आधी लागतो, म्हणून कुत्राच आधी मरतो. ट्रेलरमध्ये कुत्रा दिसला की मी शेवट वाचून घेतो. कुत्रा जगणार असेल तरच तिकीट.