सासूबाईंचे आजोबा सापडत नाहीयेत, मदत हवी आहे (क्युबेक)

स्वरदा_लोवेल: पुढच्या महिन्यात सासूबाईंना ऐंशी पूर्ण होताहेत. त्यांच्या आजोबांची वंशावळ फ्रेम करून देते, असं सगळ्यांसमोर बोलून बसलेय. आजोबा कॅनडातल्या क्युबेकचे शेतकरी, नंतर इथे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला कापडगिरणीत आले. तीन रात्री जागले, क्युबेकच्या एकाही नोंदीत माणूस नाही. कुठे शोधू? लवकर सांगा प्लीज.

चकवा: नाव?

स्वरदा_लोवेल: अरे हो. जोसेफ किंग. बायको मेरी किंग.

शंकेखोर: किंग फ्रेंच कधीपासून? इंग्रज असतील.

मॉन्ट्रियलकर: फ्रेंचच. लिहायचं रॉय, म्हणायचं रुआ, अर्थ राजा. गिरणीगावात रॉयचे किंग झाले, ब्वावेरचे ग्रीनवुड. आणि स्वरदाताई, 'जोसेफ'ला धरून बसू नका. बाप्तिस्म्यात जवळपास प्रत्येक मुलाला जोसेफ, मुलीला मारी लावत. हाकेचं नाव बहुधा शेवटी. गाव कुठलं? साल? बायकोचं माहेरचं आडनाव? 'मेरी किंग'चा तिथे उपयोग शून्य, चर्चच्या वह्यांत बाई मरेपर्यंत माहेरच्याच आडनावाने असते. कॅथलिक होते ना?

डीएनएवाला_दादा: एवढी उस्तवार कशाला? नळीत थुंका, पाठवून द्या. मी केलं, चुलतभाऊच चुलतभाऊ निघाले.

मॉन्ट्रियलकर: तेच तर दुखणं आहे दादा. फ्रेंच क्युबेक मूळच्या काही हजार माणसांपासून वाढलंय. सगळेच एकमेकांचे सातआठ वाटांनी नातेवाईक. यादी मिळेल, आजोबा नाही.

डीएनएवाला_दादा: विज्ञानावर विश्वास नसेल तर बोलणंच खुंटलं.

आबा_कागल: आमच्याकडं हेळवी येतो बैल घेऊन. वही उघडली की खापरपणजाच्या पोरांची नावं घडाघडा वाचतो. तिकडं नसतो का कोणी?

मॉन्ट्रियलकर: तिकडचा हेळवी म्हणजे पाद्री, आबा.

स्वरदा_लोवेल: कॅथलिकच, ते काय सांगायचं! गाव माहीत असतं तर इथे आले असते का? सासूबाईंच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात पेन्सिलीने 'कामुरास्का' लिहिलंय. मला ते कुत्र्याचं नाव वाटलं.

मॉन्ट्रियलकर: ताई!! हे आधी सांगायचं. कामुरास्का सेंट लॉरेन्सच्या दक्षिण काठावर आहे. तिथे 'रॉय दि देजारदँ' घराणं आहे. 'दि' म्हणजे आपलं ऊर्फ. एक भाऊ रॉय लिहितो, दुसरा देजारदँ, म्हणून दोन्ही शोधा. आधी मॅसॅच्युसेट्सची मृत्यूची नोंद काढा, त्यात आईवडिलांची नावं असतात. मग द्रुअँ संग्रहात, म्हणजे क्युबेकच्या चर्चमधल्या जुन्या वह्यांच्या स्कॅनमध्ये, लग्न शोधा. लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडचे आईबाप, आईच्या माहेरच्या नावासकट. तिथून एकेक लग्न धरत मागे जायचं. फक्त नवरा विधुर असेल तर आईबापाऐवजी मेलेल्या बायकोचंच नाव लिहितात. तिथे माझे सहा महिने गेले होते.

चकवा: शेतीचे कागद नसतात का? सातबारा वगैरे?

मॉन्ट्रियलकर: नोटरीचे असतात. म्हातारा शेत एका मुलाच्या नावे करतो आणि बदल्यात काय घेणार ते लिहून ठेवतो: दरसाल इतका गहू, एक पोसलेलं डुक्कर, फोडलेलं सरपण, रविवारी चर्चला न्यायला घोडा. पोटच्या पोराशी नोटरीसमोर करार!

आबा_कागल: शहाणा म्हातारा.

सुगरण_मावशी: वाढदिवसाला त्यांचा तुर्तिएर कर गं, तो खिमा भरलेला पाय. खिम्याऐवजी फणस घातला तरी चालेल. ओव्हन आहे ना?

स्वरदा_लोवेल: मावशी, नंतर. मृत्यूची नोंद मिळाली! वडील किंग, आई 'विलेट'. आता ही विलेट कोण?

मॉन्ट्रियलकर: वेलेट. तेही कामुरास्काकडचंच आडनाव. लोवेलच्या कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं. रॉय आणि वेलेट अशी जोडी टाकून लग्न शोधा. नाही मिळालं तर देजारदँ आणि वेलेट.

शंकेखोर: भाच्याला कॅनडाचं पीआर हवंय. अशा वंशावळीवर काही होतं का?

स्वरदा_लोवेल: देजारदँवर मिळालं! सही नाही, पाद्र्याने 'सही करता येत नाही' म्हणून लिहिलंय. आता फ्रेमवाला विचारतोय वर काय घालू. किंग, रॉय की देजारदँ?

चकवा: सासूबाईंना विचारा की.

स्वरदा_लोवेल: सरप्राइज आहे हो!