मदत हवी आहे : इंटर्नच्या आहार-पत्रकात कॅलरी भलत्याच येऊन राहिल्या

धानपट्टा_पीएसएम
परवा सादरीकरण आहे. इंटर्ननी (शिकाऊ डॉक्टरांनी) गावात चोवीस तासांचा आहार विचारून पत्रकं भरली. बायकांच्या कॅलरी ३,८०० च्या आसपास, प्रथिनं १०० ग्रॅमच्या वर, आणि बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) मात्र १७, म्हणजे बायका कमी वजनाच्या! तक्ते एनआयएनचेच (राष्ट्रीय पोषण संस्थेचेच) आहेत, बेरीज तपासली. चूक कुठं आहे? लवकर सांगा.

वर्धेकर
भाकरीचं पीठ किती ग्रॅम धरलं? आणि सर्वेक्षण सणाच्या किंवा उपासाच्या दुसऱ्या दिवशी तर नाही ना केलं?

धानपट्टा_पीएसएम
भाकर नाही हो, भंडारा जिल्हा आहे. दोन्ही वेळ भात-वरण. साधा दिवस होता. सगळं ग्रॅममध्येच लिहिलंय.

वर्धेकर
ग्रॅम कशाचे? ताटातल्या भाताचे की डब्यातल्या तांदळाचे?

धानपट्टा_पीएसएम
ताटातल्या भाताचे. एका वेळी ४०० ग्रॅम. वरण १५० मिलीची एक वाटी.





वर्धेकर
मॅडम, तक्त्यातले तांदूळ-डाळीचे आकडे कच्च्या धान्याचे आहेत. सूत्र असं : घरातलं एकूण कच्चं धान्य भागिले एकूण शिजलेलं अन्न, गुणिले तिच्या ताटातलं. ६०० ग्रॅम तांदळाचा १,६०० ग्रॅम भात झाला, तिनं ४०० घेतला, म्हणजे तांदूळ १५० ग्रॅम. कॅलरी ५२५. तुमच्या पत्रकात १,४०० पडल्या.
वरणात तर याहून मोठा घोळ. २०० ग्रॅम तुरीच्या डाळीचं १,८०० मिली पातळ वरण केलं तर वाटीत डाळ जेमतेम १७ ग्रॅम, प्रथिनं साडेतीन ग्रॅम. तुम्ही १५० ग्रॅम डाळ धरून ३३ लिहिली.
भांडं रिकामं आणि भरलेलं, दोन्हीदा वजन करायला लावा. नुसत्या वाट्या विचारून शिजलेल्या अन्नाची बेरीज मिळत नाही.

एटापल्ली_एमओ
इंटर्नला हा हिशोब काऊन शिकवता? ओपीडीत कोणी भांडं मोजत नाही. डाळ, हिरवी भाजी, तेल, फळ, अंडं यांतलं काल काय खाल्लं एवढं विचारा आणि सल्ला द्या. अभ्यासक्रमातही गावात मिळणारं आणि घराला परवडणारं पाहून आहार सुचवा असंच आहे.

वर्धेकर
पण त्याच्या आधीची पायरी आहाराचं मोजमाप हीच आहे, सर. मोजलं नाही तर पोरगा "दूध, अंडी, फळं खा" म्हणून उठतो. वरण पातळ आहे हे कळलं तरच तो म्हणेल की डाळ दुप्पट टाका, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी वाढवा.

लाखोळी
भंडाऱ्यात डाळ तुरीचीच होती हे पाहिलं का? लाखोळी डाळ असेल तर भिजवून पाणी फेकतात का तेही विचारा. त्या डाळीनं पाय लुळे पडू शकतात.

धानपट्टा_पीएसएम
तूरच होती. नवीन हिशोब केला : दोन्ही वेळचं भात-वरण मिळून १,१६० कॅलरी, प्रथिनं ३१ ग्रॅम. आता फारच कमी वाटतात.

वर्धेकर
बीएमआय १७ शी हेच जुळतं. मध्यम कामाच्या बाईला २,१३० कॅलरी आणि ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. तेल लिहिलं का?

धानपट्टा_पीएसएम
तेल विचारलंच नाही. घरी महिन्याला दोन लिटर येतं. नवरा-बायको, सासू, दहा वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी.

वर्धेकर
लिटरमागे ९१० ग्रॅम, म्हणजे रोज ६१. उपभोग एकक, म्हणजे वय आणि कामाप्रमाणे प्रत्येकाचा खाण्यातला वाटा : नवरा १.२, बायको ०.९, सासू ०.८, मुलगा ०.८, मुलगी ०.५, बेरीज ४.२. बाईच्या वाट्याला १३ ग्रॅम, ११७ कॅलरी. भाजी, चहातली साखर वेगळी मिळवा. रोवणीचे, म्हणजे भात लावणीच्या जड कामाचे दिवस असतील तर तिचं एकक ०.९ ऐवजी १.२ धरा, नवऱ्याचं १.६, आणि गरज २,७२० कॅलरी.