मदत हवी आहे: निवृत्त जहाजाचा तळ टिकवतात कसा?

नमस्कार मंडळी. सांगलीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या भाचीला जुन्या प्रवासी जहाजांच्या जतनावर प्रकल्प करायचाय. (कृष्णाकाठी बसून समुद्राचा विषय, पण हट्टी आहे!) ‘क्वीन मेरी’ १९६७ पासून अमेरिकेत लाँग बीचला उभी आहे, १९७२ पासून हॉटेल म्हणून; ‘युनायटेड स्टेट्स’ मात्र फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर १९९६ पासून गंजत राहिली, आता कृत्रिम प्रवाळखडकासाठी बुडवायची ठरलीय. आपली जुनी युद्धनौका ‘विक्रांत’ तर संग्रहालय होऊनही २०१४ मध्ये भंगारात गेली, ते अजून खटकतं.

प्रश्न एवढाच: सुक्या गोदीत न नेता पाण्याखालच्या पत्र्याची जाडी कशी मोजतात? गंज रोखायला तळाला लावतात त्या जस्ताच्या पट्ट्या कितपत पुरतात? सातारा-सांगलीकडचे कुणी निवृत्त मर्चंट नेव्हीवाले काका असतील तर कृपया सांगा, आम्ही येऊन भेटू.