नवं बिऱ्हाड आलं तेव्हा : खान्देशातले अनुभव

धागाकर्ती, जळगाव

दोन वर्षांपूर्वी आमच्या खालच्या मजल्यावर सिंधहून, म्हणजे पाकिस्तानातून आलेलं कुटुंब भाड्याने राहायला आलं. इथली सिंधी वस्ती फाळणीपासूनची, तेव्हा 'त्यांचं त्यांचे लोक बघतील' असं मी धरून चालले होते. पण पोरीचा अभ्यास माझ्या गळ्यात पडला. नऊ वर्षांची, हिंदी फडाफडा बोलायची आणि वही मात्र मागून उघडायची. सिंधी तिकडे अरबी वळणाच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहितात. वर्गात बाईंना वाटलं, पोर मंद आहे. 'ळ' काही केल्या येईना. शेवटी तो 'केळी'वर बसवला. जळगावात दुसरा शब्द शोधायचा तरी कशाला?

वडिलांचा दीर्घ मुदतीचा व्हिसा. ते ३१ डिसेंबर २०१४ नंतर आलेले, त्यामुळे २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीचा त्यांना उपयोग नाही. मुदतवाढीला पत्त्याचा पुरावा लागतो आणि आधीचा घरमालक भाडेकरार कागदावर करायलाच तयार नव्हता. माझ्या यजमानांनी तो रीतसर नोंदवून दिला. आमची खरी मदत एवढीच. बाकी डाळ-पकवान आम्हीच खाल्लं.

तुम्हीही लिहा. फसलेले प्रयत्न असतील तर आधी.

निवृत्त शिक्षक, तळोदा तालुका

फसलेलं मागितलंत म्हणून लिहितो. नव्वदच्या दशकातली गोष्ट, नंदुरबार जिल्हा व्हायचा होता, आम्ही धुळ्यात. सरदार सरोवराच्या पाण्यात जाणारी अक्कलकुवा-अक्राणीची गावं खाली सपाटीवर येऊ लागली. १९७९ च्या नर्मदा पाणीवाटप लवादाचा निवाडा होता, पाव हिश्श्याहून जास्त जमीन गेलेल्याला किमान दोन हेक्टर. आमच्याकडे त्यावरच चर्चा : "यांना फुकट जमीन मिळाली." त्यांचं काय गेलं, ते कुणी मोजत नव्हतं.

आम्ही चार मास्तरांनी उत्साहाने जुने कपडे गोळा केले. शर्ट, साड्या, काही तर बटणं तुटलेले. पत्र्याच्या शेडसमोर वाटप केलं, फोटोही काढला. दुसऱ्या दिवशी एक म्हातारेबाबा शाळेत आले आणि पिशवीभर आमचूर टेबलावर ठेवून गेले. बसलेसुद्धा नाहीत. सातपुड्यात आंब्याची झाडं म्हणजे घरची मिळकत. कैऱ्या सोलायच्या, काप वाळवायचे, विकायचे. ती झाडं बुडणार होती. शेवटच्या वर्षाचा माल त्यांनी आमच्या फाटक्या शर्टांच्या बदल्यात दिला. देणं बाकी ठेवायचं नव्हतं त्यांना. मला त्या दिवशी शिकवता आलं नाही.

मग उलटं केलं. पोरं पावरी ही त्यांची आदिवासी बोली बोलायची, मी मराठीत 'कमळ' शिकवत होतो, आणि ती गप्प. एका मोठ्या पोराला शेजारी बसवलं आणि रोज दहा शब्द त्याच्याकडून शिकलो. माझ्या उच्चाराला अख्खा वर्ग हसला. तिथून बोलणं सुरू झालं. त्यांच्या आयांची तक्रार वेगळीच होती : हातपंपाच्या पाण्याला चव नाही आणि नदीवर जायचं निमित्तही नाही. पाण्याला जाणं म्हणजे चार बायकांनी भेटणं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

भुसावळ

आजोबा १९४७ नंतर आले. पहिली काही वर्षं फेरीवर कापड विकलं, मग दुकान. मदत कोणी केली म्हणाल, तर उधारीवर ज्वारी देणाऱ्या वाण्याने. एकच विनंती : 'निर्वासित' हा शब्द जरा जपून वापरा. माझा जन्म इथला, घरात अहिराणी कळते, वांग्याचं भरीत आमच्याकडे तुमच्याइतकंच तिखट होतं. तरी शाळेत मला तो शब्द चिकटला होता.

उधना, सुरत (मूळ शिंदखेडा)

आम्हीपण बाहेरचेच! खान्देशातून सुरतला लूमवर आलेला माणूस पहिल्या दिवशी खोली शोधतो, दुसऱ्या दिवशी मेस. मी आलो तेव्हा डब्यावाल्या मावशींनी तोंड बघूनच विचारलं, "कोनता गावना शेस भो तू?" डोळ्यांत पाणी आलं राव. तापी तीच, पण पाणी परकं वाटत होतं तोवर. आता मी नव्या पोरांना आधी गुजराती आकडे शिकवतो. पगाराचा हिशेब वाचता आला पाहिजे, गोडवे नंतर.

रावेर

केळीच्या कामाला बाहेरून आलेल्या एका कुटुंबाला रेशन दुकानदाराने "तुमच्या राज्यात जा" म्हणून परत पाठवलं होतं. मी सोबत गेले. एक देश एक रेशनकार्डाखाली आधार जोडलेलं कार्ड इथेही चालतं, एवढं सांगितलं, अंगठा लावला, धान्य निघालं. दहा मिनिटांचं काम. त्यांना ते एकट्याने का जमलं नाही, तर दुकानदार त्यांच्याशी बोलतच नव्हता, माझ्याशी बोलला.

धागाकर्ती

मास्तर, आमचुराचं वाचून कपाटातलं गाठोडं परत आत ठेवलं. खालच्या वहिनींना देणार होते. आज त्यांनाच विचारलं, काय लागतंय? म्हणाल्या, दुपारी दोन तास शिलाई मशीन. जुनं, चालू स्थितीतलं कुणाकडे असेल तर कळवा, पैसे त्या देणार आहेत.