संगीतातल्या ‘इंटरप्रिटेशन’ला मराठीत काय म्हणायचं?

कळफलक: बरोक काळातला संगीतकार स्कार्लाती, त्याच्या हार्पसिकॉर्ड-सोनाटांच्या (हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य, सोनाटा म्हणजे त्यावर वाजवायच्या रचना) दोन ध्वनिमुद्रणांवर लिहितोय. एक वांडा लान्दोव्स्काचं, १९४० सालचं, पॅरिसमधलं. त्यात मध्येच विमानविरोधी तोफा ऐकू येतात आणि बाई वाजवतच राहतात. दुसरं स्कॉट रॉसचं. त्याने १९८४-८५मध्ये सगळ्या ५५५ सोनाटा ध्वनिमुद्रित केल्या. कागदावरचे स्वर तेच, ऐकताना मात्र जमीन-अस्मान. या फरकाला ‘अर्थनिर्णयन’ लिहिलं, तर बायको म्हणाली, कुठल्या कलमाचं?

तंबोरा: वहिनी बरोबर आहेत. ‘बाज’ लिहा, म्हणजे वाजवण्याची ढब. सतारीत मसीतखानी बाज म्हणतातच की.

शेवंता: बाज म्हटलं की मला बाळंतिणीची खाट आणि खालची शेगडी दिसते.

कळफलक: शिवाय बाज परंपरेचा असतो, मला एकाच माणसाचं हवंय. हार्पसिकॉर्डमध्ये तार नखीने छेडली जाते. पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज जवळपास तेवढाच. मग वादकाच्या हातात उरतं काय? स्वर किंचित उशिरा आणणं, धरून ठेवणं, अलंकार. लान्दोव्स्काचं वाद्य प्लेयेल कंपनीचं, लोखंडी चौकटीचं, धिप्पाड. रॉसचा नाद सडसडीत, गिटारच्या जवळचा, अगदी स्पॅनिश.

शुद्धमती: ‘अन्वयार्थ’ हा शब्द धडधाकट असताना ही शोधाशोध कशाला? आणि आधी ‘हार्पसिकॉर्ड’ला प्रतिशब्द द्या.

तंबोरा: द्या ना तुम्हीच. ‘नखपेटी’?

शेवंता: माझे आजोबा नाट्यपदांचे वेडे. एकच पद दोघांनी गायलं की म्हणायचे, “ह्यांचं म्हणणं निराळं, त्यांचं म्हणणं निराळं.” गाणं आपण ‘म्हणतो’च, आणि मत म्हणजेही ‘म्हणणं’. लिहा: लान्दोव्स्काचं म्हणणं.

कळफलक: वा! पण वाद्याचं म्हणणं?

शुद्धमती: पेटी म्हणत नाही, वाजते.

नेपल्सकर: मुळात स्कार्लाती स्पॅनिश कुठला? जन्म नेपल्सचा, १६८५.

कळफलक: १७२९मध्ये पोर्तुगालची राजकन्या मारिया बार्बरा हिच्यापाठोपाठ स्पेनला गेला, १७५७मध्ये माद्रिदला वारला. गिटारसारखे खरखरीत स्वरपुंज तिथलेच. असो. शब्द?

पोर्तुगीजप्रेमी: ‘बरोक’ म्हणजे ओबडधोबड मोती, हे माहीत आहे ना? पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात अशा मोत्यांना ‘बार्रोको’ म्हटलंय. माझ्या मते शब्द गुजरातच्या भडोच बंदरावरून आला. ग्रीक त्याला बारिगाझा म्हणत.

शुद्धमती: भडोच ते बरोक? उद्या ‘बारीक’वरून आला म्हणाल.

पोर्तुगीजप्रेमी: हसा. मोत्यांचा व्यापार याच किनाऱ्यावरून चालायचा.

शेवंता: आमच्याकडे वाकड्या मोत्याला नुसतं ‘वेडावाकडा’ म्हणतात. गोव्याकडच्या सोनारांचा काही वेगळा शब्द आहे का?

कळफलक: मंडळी, लेख परवा द्यायचाय.

तंबोरा: तोवर ‘वादन’ लिहा. सोनारांचं कुणी सांगेल का खरंच?